यीस्ट सुक्रोज पेशीच्या बाहेर का फोडतं? इन्व्हर्टेज नेमकं असतं कुठे?

रेणू_शेवटचंवर्ष

नमस्कार सगळ्यांना. माझं प्रोजेक्ट यीस्टच्या इन्व्हर्टेजवर आहे, म्हणजे सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करणारं एन्झाईम. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की यीस्ट हे एन्झाईम पेशीबाहेर सोडतं, म्हणून कल्चर सेंट्रिफ्यूज करून वरचं मिडियम घेतलं, त्यात सुक्रोज घालून डीएनएस केलं (ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या रिड्यूसिंग साखरा असल्या की रंग देणारी चाचणी) तर रंग जवळपास ब्लँकइतकाच. आणि खालचा पेलेट धुऊन घेतला, पेशी अजिबात फोडल्या नाहीत, तशाच सुक्रोजमध्ये सोडल्या तर गडद रंग. मग एन्झाईम बाहेर म्हणायचं की आत?

दुसरी गोष्ट, ग्लुकोज घातलेल्या मिडियमवर वाढवलेलं कल्चर काही तासांत काढलं तर ॲक्टिव्हिटी नगण्य, आणि तेच रात्रभर ठेवलं तर भरपूर. स्ट्रेन तोच, मिडियम तेच, पेशींची संख्या बरोबरीला आणून बघितलं तरी तेच. गाईड म्हणाले रिप्रेशन (ग्लुकोज असताना जीन बंद ठेवला जाणं) वाच, वाचलं, पण रात्रभरात नक्की काय बदलतं ते नीट उलगडलं नाही.

आणि तिसरा प्रश्न प्रोजेक्टमधला नाहीये पण डोक्यातून जातच नाही. साखर बाहेर फोडली तर सुटं झालेलं ग्लुकोज शेजारची पेशी पण उचलणार ना? एन्झाईम बनवण्याचा खर्च एकीचा आणि खाणार भलतीच. माल्टोज तर यीस्ट अख्खं आत ओढून घेतं आणि आत फोडतं. मग सुक्रोजच्या वेळी तसं का करत नाही? कोणाला माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा प्लीज.

भिंत_आणि_पडदा

रेणू, तुझा पहिला निकाल अगदी बरोबर आहे, गोंधळ "बाहेर" या शब्दाने होतोय. यीस्टच्या पेशीला आधी पडदा म्हणजे मेंब्रेन, आणि त्याच्या बाहेर जाड सेल वॉल. इन्व्हर्टेज मेंब्रेनच्या बाहेर पडतं पण वॉलच्या आतल्या बाजूला आणि वॉलच्या जाळीतच अडकून राहतं, त्या जागेला पेरिप्लाझम म्हणतात. मिडियममध्ये फारच थोडं निसटतं. सुक्रोज छोटा रेणू आहे, तो वॉलमधून आरामात आत येतो, तिथे फुटतो, म्हणून अख्ख्या पेशींनी तुला रंग दिला आणि सुपरनेटंटने, म्हणजे वरच्या मिडियमने, दिला नाही. वॉल पचवणारं ग्लुकॅनेज वापरून भिंत काढून टाकलीस तर हेच एन्झाईम सुटून द्रावणात येईल, करून बघ, प्रोजेक्टला चांगली आकृती मिळेल.

अडकतं का, तर आकारामुळे. बाहेर जाणाऱ्या इन्व्हर्टेजवर प्रवासात मॅनोजच्या लांबलचक साखळ्या चढवल्या जातात, इतक्या की तयार रेणूच्या वजनात जवळपास निम्मा भाग साखरेचाच असतो. वर ते एकटं राहत नाही, दोन-दोनच्या जोड्या आणि त्या जोड्या जुळून आठांचा गठ्ठा बनतो. एवढं धूड भिंतीच्या जाळीतून सहज पार होत नाही.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पेशीच्या आत, सायटोप्लाझममध्येही थोडं इन्व्हर्टेज असतं, त्यावर साखळ्या नसतात. आणि ही दोन्ही रूपं एकाच जीनमधून येतात, एसयूसी२. या जीनवरून दोन एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायच्या नकला, निघतात, एक साधारण १.९ किलोबेसचा आणि दुसरा १.८ चा. लांब असलेल्यात सुरुवातीला १९ अमिनो ॲसिडचा सिग्नल असतो, तो प्रोटीनला बाहेरच्या मार्गावर नेतो आणि मग कापला जातो. आखूड एमआरएनए त्या सिग्नलच्या पुढून वाचायला सुरू करतो म्हणून ते प्रोटीन आतच राहतं. कार्लसन आणि बॉटस्टीन यांनी १९८२ मध्ये हे दाखवलं. आतलं रूप थोडंथोडं कायम बनत असतं, ग्लुकोजने कमीजास्त होतं ते बाहेरचं.

त्यावरूनच तुझा दुसरा प्रश्न. ग्लुकोज भरपूर असताना एमआयजी१ नावाचं प्रोटीन न्यूक्लियसमध्ये बसून एसयूसी२ च्या अलीकडच्या डीएनएला चिकटतं आणि जीन बंद ठेवतं. ग्लुकोज संपत आलं की एसएनएफ१ हे कायनेज जागं होतं, एमआयजी१ वर फॉस्फेट लावतं, एमआयजी१ न्यूक्लियसमधून बाहेर निघतं आणि जीन सुरू. तू लवकर काढलेल्या कल्चरमध्ये ग्लुकोज शिल्लक होतं, रात्रभर ठेवलेल्याने ते खाऊन संपवलं, एवढाच फरक. दोन्ही वेळा मिडियममधलं उरलेलं ग्लुकोज मोजून तो आकडा ॲक्टिव्हिटीच्या शेजारी लिही, गाईडना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

एक बारकावा मात्र लक्षात ठेव, ग्लुकोज अगदी शून्य असण्यापेक्षा किंचित असेल, ०.१ टक्क्याच्या आसपास, तर एसयूसी२ जास्त चालतं. म्हणजे "ग्लुकोज वाईट" इतकं सरळ समीकरण नाहीये. आणि सुक्रोज स्वतः या जीनला चालू करत नाही, माल्टोज जसं स्वतःचे जीन चालू करतं तसं इथे नाही, इथे फक्त ग्लुकोजची पातळी बघितली जाते.

रेणू_शेवटचंवर्ष

खूप छान समजलं, धन्यवाद ताई. पण मग एक अडतंय. सुक्रोजवर वाढवलेलं कल्चर पण केलं होतं, म्हटलं इथे ग्लुकोज नाहीच तर पहिल्यापासून ॲक्टिव्हिटी जास्त दिसेल, पण सुरुवातीला त्यातही कमीच होती. पेशी सुक्रोज फोडून जे ग्लुकोज बनवतात त्यामुळे?

भिंत_आणि_पडदा

तेही आहेच, स्वतःच बनवलेल्या ग्लुकोजने स्वतःचाच जीन दाबला जातो, पण आधी हे सांग की सुक्रोज मिडियममध्येच ऑटोक्लेव्ह केलंस का? केलं असशील तर तिथेच बघ. सुक्रोजला आम्ल आणि उष्णता मिळाली की ते एन्झाईमशिवाय पण फुटतं, यीस्टची मिडिया बरेचदा थोडी आम्लधर्मी असतात, म्हणजे पेशी टाकायच्या आधीच बाटलीत सुटं ग्लुकोज आलेलं असणार. सुक्रोजचं द्रावण वेगळं करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ आणि थंड मिडियममध्ये मिसळ. आणि पेशी न टाकलेल्या मिडियमवर पण डीएनएस कर, सुक्रोज रिड्यूसिंग नाही त्यामुळे निव्वळ सुक्रोजने रंग यायलाच नको, आला तर ते फुटलेलं आहे.

गटात_राहणारा

तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, तो माझ्या आवडीचा विषय आहे आणि रेणूने जो प्रश्न विचारलाय तो खरंच मोठा आहे, उत्क्रांतीवर काम करणाऱ्या लोकांनी यावर बरंच डोकं लावलंय.

गोर, यूक आणि व्हॅन औडेनार्डेन यांनी २००९ मध्ये हे नीट मोजलं. पेरिप्लाझममध्ये जे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं त्यातलं फक्त १ टक्का ती पेशी स्वतः आत घेऊ शकते, बाकीचं ९९ टक्के वॉलमधून बाहेर पाझरून जातं आणि मिळेल ती पेशी ते खाते. म्हणजे तुझी शंका जितकी वाटते त्याहून खरी आहे. मग त्यांनी एसयूसी२ काढून टाकलेलं यीस्ट घेतलं, जे एन्झाईम बनवतच नाही, फक्त दुसऱ्यांनी फोडलेलं खातं, आणि दोघांना एकत्र वाढवलं. अपेक्षा अशी की फुकटे जिंकतील आणि बनवणारे संपतील. तसं झालं नाही, दोघंही टिकले. कारण तो १ टक्का. बनवणाऱ्या पेशी अगदी कमी उरल्या की मिडियममध्ये ग्लुकोजचा तुटवडा पडतो, अशा वेळी स्वतःच्या भिंतीत तयार झालेलं ते थोडंसं सुद्धा फार मोलाचं ठरतं आणि बनवणारी पेशी फुकट्यांपेक्षा जोरात वाढते. त्या जास्त झाल्या की सगळीकडे ग्लुकोज सुटं मिळतं, मग एन्झाईमचा खर्च न करणाऱ्यांचं फावतं. एका ठरावीक प्रमाणाला येऊन दोघं थांबतात.

आणि वरती ताईंनी जे ग्लुकोज रिप्रेशन सांगितलं ते इथे आणून जोडा, मग बघा किती सुंदर बसतं. साधं, काहीही न काढलेलं यीस्ट शेजारच्यांनी केलेलं ग्लुकोज भरपूर मिळत असेल तर स्वतःचं इन्व्हर्टेज बंद करतं, म्हणजे तेही परिस्थिती बघून फुकटं होतं, आणि ग्लुकोज घटलं की परत कामाला लागतं. एकाच पेशीत दोन्ही वागणुका आहेत. मला तरी यात एमआयजी१ कडे बघायची सगळी दृष्टीच बदलल्यासारखी वाटली, नुसता स्विच न राहता ते शेजार ओळखण्याचं साधन होतं.

अजून एक. कोशवानेझ, फॉस्टर आणि मरे यांनी २०११ मध्ये दाखवलं की सुक्रोज फार कमी असेल तर सुटी एकटी पेशी वाढूच शकत नाही, ती जे फोडते ते जवळजवळ सगळं वाहून जातं, पण तेवढ्याच सुक्रोजमध्ये एकमेकांना चिकटून राहिलेल्या पेशींचा पुंजका वाढतो, कारण एकीचं वाहून गेलेलं दुसरीला मिळतं. पुढे त्यांनी कमी सुक्रोजमध्ये यीस्टच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्या तर पेशी विभागल्यावर वेगळ्याच न होणारे, पुंजके करणारे प्रकार वर आले. बहुपेशीय जीव कसे सुरू झाले असतील याचा एक शक्य रस्ता म्हणून याकडे बघतात. एका साखर फोडणाऱ्या एन्झाईमच्या जागेवरून विचार कुठपर्यंत जातो बघा.

फर्मेंटरवाला

गटात राहणारा यांनी लिहिलेलं पटलं पण रेणूचा प्रश्न "माल्टोजसारखं आत का नाही" हा होता आणि त्याचं उत्तर अजून राहिलंय, ते मी ऊर्जेच्या हिशोबाने देतो.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पेशीत येतात ते एचएक्सटी ट्रान्सपोर्टरमधून, म्हणजे मेंब्रेनमधल्या वाहक प्रोटीनमधून, त्याला ऊर्जा लागत नाही, बाहेर जास्त आत कमी एवढं पुरतं. माल्टोज मात्र प्रोटॉनसोबत आत येतं, एक माल्टोज एक प्रोटॉन, आणि आत आलेला तो प्रोटॉन परत बाहेर ढकलायला पंपाला एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, द्यावा लागतो. हवा नसताना एका हेक्सोजमागे (म्हणजे एका ग्लुकोज किंवा फ्रुक्टोजमागे) २ एटीपी मिळतात, म्हणजे सुक्रोज बाहेर फोडून दोन हेक्सोज घेतले तर ४ एटीपी, आणि तेच दोन हेक्सोजचं माल्टोज अख्खं आत घेतलं तर हातात उरतात ३. चारातला एक गेला, हा फरक लहान नाही. त्यामुळे बाहेर फोडण्यात ९९ टक्के वाहून जातं हे खरं, पण दाट वस्तीत तेच दुसऱ्यांकडून परतही मिळतं आणि आत घ्यायचा खर्च शून्य.

आणि यीस्टला सुक्रोज अख्खं आत घेता येतच नाही असं समजू नका. एजीटी१ सारखे ट्रान्सपोर्टर सुक्रोज प्रोटॉनसोबत आत आणतात आणि मग आतलं इन्व्हर्टेज किंवा माल्टेज (माल्टोज फोडणारं एन्झाईम) ते फोडतं. नेहमी हा रस्ता किरकोळ असतो. पण इंधनासाठी इथेनॉल बनवणाऱ्यांना हाच रस्ता हवा असतो, कारण पेशीला एका सुक्रोजमागे एटीपी कमी मिळाला की जगण्यावाढण्यासाठी तिला जास्त साखर इथेनॉलकडे वळवावी लागते, पेशींचं वजन कमी आणि इथेनॉल जास्त. इन्व्हर्टेज मुद्दाम आतच राहील असे स्ट्रेन बनवून हे करून बघितलंय आणि इथेनॉलचं प्रमाण वाढलेलं दिसलंय. पेशीच्या दृष्टीने तोट्याचा असलेला रस्ता आपल्या दृष्टीने फायद्याचा, ते लक्षात घेण्यासारखं आहे.

उलट बाजूही सांगतो. बाहेर फोडण्याने एका रेणूचे दोन रेणू होतात म्हणजे बाहेरचा ऑस्मोटिक दाब वाढतो. साखर थोडी असेल तर काही नाही, पण भरपूर साखर घातलेल्या पिठात इन्व्हर्टेज जास्त असलेलं यीस्ट भराभर सगळं सुक्रोज फोडतं आणि त्या दाबाने स्वतःच मंदावतं, म्हणून तशा पिठासाठीचे स्ट्रेन निवडताना इन्व्हर्टेज कमी असलेले घेतात. आणि फोडल्यावर ग्लुकोज आधी संपतं, फ्रुक्टोज मागे रेंगाळतं, कारण ट्रान्सपोर्टरची ओढ ग्लुकोजकडे जास्त. रेणू, तुझ्याकडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगवेगळं मोजायची सोय असेल तर हे कल्चरमध्ये अगदी स्वच्छ दिसतं.

वेगमापी

मोजण्याबद्दल थोडं लिहितो कारण पूर्ण पेशींवर इन्व्हर्टेज मोजताना लोक दोन-तीन गोष्टी नेहमी सोडून देतात आणि मग आकडे जुळत नाहीत. एक म्हणजे डीएनएस ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मोजतं, एका सुक्रोजमागे दोन रिड्यूसिंग साखरा, त्यामुळे फुटलेलं सुक्रोज किती हे सांगताना दोनने भागायचं. ग्लुकोज ऑक्सिडेज वापरलं तर फक्त ग्लुकोज दिसतं, तिथे भागायचं नाही. दुसरं, पेशी जिवंत आहेत, तुम्ही मोजताय तोवर त्या ग्लुकोज खातायत, म्हणून वेळ थोडा ठेवायचा, पेशी पातळ घ्यायच्या आणि धुताना बर्फासारखं गार ठेवायचं. बऱ्याच लॅबमध्ये धुताना सोडियम अझाइड वापरतात म्हणजे पेशींचं काम थांबतं, पण ते विषारी आहे, गाईडना विचारल्याशिवाय हात लावू नका आणि आम्लात तर अजिबात ओतू नका, घातक वायू सुटतो. बफर ॲसिटेट, पीएच ४.५ ते ५ च्या मध्ये, या एन्झाईमला तेच मानवतं.

पीएच सांभाळण्याचं महत्त्व याच एन्झाईमवर कळलं हे सांगायचा मोह आवरत नाही. व्हिक्टर ऑन्री यांनी १९०३ मध्ये इन्व्हर्टेजच्या वेगाचं समीकरण मांडलं होतं, पण पीएच स्थिर ठेवायची पद्धतच तेव्हा नव्हती आणि अजून एक अडचण होती. तेव्हा मोजायचे पोलरिमीटरने, सुक्रोज प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवतं, +६६.५ अंश, आणि फुटल्यावरचं मिश्रण डावीकडे, साधारण −२०. पण ताजं सुटलेलं ग्लुकोज काही वेळ एका रूपातून दुसऱ्यात बदलत राहतं आणि त्याच्यासोबत आकडाही सरकतो, त्यामुळे नक्की किती फुटलं ते चुकतं. बर्लिनमध्ये लिओनोर मिकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये ॲसिटेट बफर घेतला, सुरुवातीचाच वेग मोजला, आणि नमुना काढला की त्यात अल्कली टाकली, त्याने एन्झाईमही थांबतं आणि ग्लुकोजचं ते रूपबदलही लगेच संपतं. त्यातून सुक्रोजसाठी जो स्थिरांक आला तो ०.०१६७ मोलर. आज प्रत्येक बायोकेमच्या पुस्तकात जे मिकेलिस-मेंटेन समीकरण आहे ते यीस्टच्या याच एन्झाईमवर उभं आहे. रेणू, तुझ्या डीएनएसमध्येही अल्कली आहे, ती टाकताच तुझं एन्झाईम थांबतं, तोच उपाय तू शंभराहून जास्त वर्षांनी वापरतेयस.

केएम, म्हणजे ज्या सुक्रोजच्या पातळीला एन्झाईमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो तो स्थिरांक, काढणार असशील तर सुक्रोज ५ मिलिमोलरपासून वर १०० पर्यंत तरी ने, आणि दाट सस्पेन्शन घेऊ नकोस, दाट असेल तर सुक्रोज प्रत्येक पेशीपर्यंत पोचण्याचाच वेग मोजला जातो, एन्झाईमचा नाही.

रेणू_शेवटचंवर्ष

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. सुक्रोज बाटलीतच ऑटोक्लेव्ह केलं होतं, म्हणजे ती बॅच परत करते, आणि ग्लुकोज मोजून शेजारी लिहिते. वेगमापी सर, केएम पण घेते मग. शेवटचं एक विचारू का, वाचताना दिसलं की एसयूसी२ चालू ठेवायचं असेल तर लॅबमध्ये रॅफिनोज वापरतात. ती तर तीन साखरांची साखर आहे, यीस्टला ती चालते?

भिंत_आणि_पडदा

चालते, आणि ती पण इन्व्हर्टेजमुळेच. रॅफिनोज म्हणजे गॅलॅक्टोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ओळीने जोडलेले, त्यातला शेवटचा जोड सुक्रोजसारखाच आहे म्हणून इन्व्हर्टेज तो कापतं, फ्रुक्टोज सुटतं आणि मेलिबायोज उरतं. हे काम सुक्रोजपेक्षा हळू होतं, म्हणून साखर सतत थोडीथोडीच मिळते, एमआयजी१ दाबून बसण्याइतकी कधी साचत नाही आणि एसयूसी२ उघडं राहतं. साधारण २ टक्के रॅफिनोज घेतात. तुझ्या प्रोजेक्टमध्ये ग्लुकोज, सुक्रोज आणि रॅफिनोज अशी तीन कल्चरं शेजारी ठेवलीस तर रिप्रेशनचं चित्र पूर्ण होईल.

मागे उरलेलं मेलिबायोज बहुतेक लॅब स्ट्रेन वापरू शकत नाहीत कारण त्यांच्याकडे एमईएल१ जीन नाही, लागर बनवणाऱ्या यीस्टकडे तो असतो आणि ते मेलिबायोजही फोडून खातं. पूर्वी ब्रूअर लोक एल आणि लागर यीस्ट ओळखायला हीच चाचणी लावायचे. तुझा स्ट्रेन कुठला आहे ते बघ, मेलिबायोज खाणारा निघाला तर रॅफिनोजमधून गॅलॅक्टोज आणि ग्लुकोजही सुटेल आणि तुझे आकडे वेगळे येतील, त्यामुळे आधी नुसत्या मेलिबायोजवर एक प्लेट टाकून घे.